खैरमाळच्या गायरानातला तणमोर

नाशिक
८ जून २०२५

प्रिय भीमराज,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस का? मागच्या आठवड्यात तुला फोन लावला होता. पलीकडून तुझं "हां? कोण? जोरात बोला!" चार वेळा ऐकलं आणि मीच ठेवून दिला. आयुष्यभर टेलिफोन खात्यात खांबांवर चढून लोकांच्या घरी फोन पोचवलेस आणि आता तुलाच फोनवर ऐकू येत नाही, कमाल आहे बुवा! म्हणून परभणीच्या खोलीतल्या जुन्या जोडीदाराला हे रीतसर पत्र.

काम आहे, आधीच सांगतो. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी पक्षी बघत हिंडायला लागलो. आमच्या इथे एक पक्षीमित्र मंडळ आहे. त्यांच्याबरोबर राजस्थान, कोकण, आसाम, सगळं पालथं घातलं. माझ्या यादीत आज चारशे बारा पक्षी आहेत. हसू नकोस. सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं रे.

तुमच्या भागातले तीन राहिलेत. धाविक, रंगीत पखुर्डी आणि तणमोर. पहिले दोघे मिळतील. तणमोराचं अवघड आहे. कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात गवतात येतो, आणि नर गवतातून सरळ वर उडी मारून पुन्हा आत पडतो. ती उडी दिसली तर दिसली. देशात फार थोडे उरलेत. परभणीला असताना तू सांगायचास, "आमच्या माळावर एक पाखरू येड लागल्यागत उड्या मारतं." तेव्हा मी तुझी टिंगल केली होती. ते अजून येतं का?

येत असेल तर जुलैत चार दिवस येऊ का? परभणीत पाच वर्षं काढली, पण सेनगावकडे एकदाही फिरकलो नाही. तुझा सगळा मुलूख मला नवा आहे.

पद्मावहिनींना नमस्कार.

तुझा
हरीश


मु. खैरमाळ, पो. गोरेगाव, ता. सेनगाव
१९ जून २०२५

हरीश,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पद्मानं दोनदा वाचून घेतलं. कानाची मशीन घेतलीय मी, पण तिच्यात समद्या गावाचा आवाज येतो, समोरच्याचा सोडून. फोन आला की स्पीकर लावावा लागतो आणि मंग आख्खी आळी कान टवकारून बसते. तवा तू पत्रच लिव. ह्या कामाचं तर पत्रातच लिव. काहून ते सांगतो.

पाखरू येतं. तुमी तणमोर म्हणता, आमच्या गावात त्याला उडीचं पाखरू म्हणतात, दुसरं नाव कोणालाच ठावं न्हाई. पण ते येतं गायरानात, आणि गायरानाचं आमचं दुखणं हाय.

आमची अकरा घरं चाळीस वर्षापासून ते गायरान वाहतात. माझ्या बापानं आणि जळबाकाकानं तिथले धोंडे हातानं उचलले. आता सोयाबीन हाय, तूर हाय. पण सातबाऱ्यावर आमचं नाव न्हाई. नाव लावा म्हणून अर्ज दिलेला हाय, आणि त्याला एकच गोष्ट लागते. जमीन आमच्या वहितीत हाय, पेरलेली हाय, ह्याचा पुरावा. औंदा एक सौर कंपनी मोकळं गायरान हुडकून राहिली असं कानावर आलंय. मोकळं ठरलं की आमी गेलो. माझी पेन्शन हाय, माझं भागंल. बाकीच्या दहा घरांला दुसरं काहीच न्हाई.

मधी चार एकर गवत मातर आमी नांगरत न्हाई. बापाच्या वक्ताला गावासंग तंटा झाला, तवा ते गावच्या ढोरांसाठी सोडायचं ठरलं. ती कबुली आमी आजवर पाळली. त्याच गवतात तुझं पाखरू नाचतं.

जळबाकाका म्हणून राहिले, भायेरचा माणूस माळावर नको. त्यांचं वय ऐंशीच्या वर हाय, त्यांला मी समजावतो. तू गाजावाजा न करता ये. हिंगोलीला उतर, जीपनं सेनगाव, दुसऱ्या जीपनं गोरेगाव. मी तिथं गाडी घेऊन उभा राहतो.

पद्मा म्हणते भावजींना तिखट चालतं का अजून?

भीमराज


नाशिक
२२ जुलै २०२५

प्रिय भीमराज,

चारशे पंधरा!

घरी येऊन सहा दिवस झाले तरी डोळ्यांपुढून ते जात नाही. धाविक तर हिंगोलीच्या बाहेर पडल्या पडल्या, नांगरलेल्या रानात जीपमधूनच दिसला. ड्रायव्हरला थांब म्हटलं तर तो म्हणाला, "सायब, टिटवीसाठी गाडी थांबवू राहिले व्हय?" पखुर्डीची जोडी सेनगावच्या रस्त्याला खडीवर बसलेली, दगड कुठला आणि पक्षी कुठला कळेना. ते दोन मी शोधले. तिसरा तू दाखवलास.

चौदा तारखेची ती सकाळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी दुर्बीण लावून उजवीकडे बघत बसलेलो, आणि तू माझी मान धरून सरळ डावीकडे वळवलीस. गवतातून काळा गोळा वर आला, पंख फडफडले, पडला. पुन्हा वर. तासाभरात मी शहाऐंशी उड्या मोजल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तू पाहिलंस आणि मुद्दाम तंबाखू मळायला तोंड फिरवलंस. ती असती तर तिला फोन केला असता. कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं रे त्या क्षणी.

फोटो जरा हलला आहे, पण पक्षी ओळखू येतो.

निघताना गोरेगावच्या जीपपाशी तू एकच मागणं केलंस, "कुठं लिवलंस तर आमच्या पेऱ्याचं नाव काढू नको, सातबाऱ्यावर नाव लागेस्तोवर कोणी अतिक्रमण म्हणून उठवायला नको." ते मी तंतोतंत पाळलं आहे. निर्धास्त राहा.

वहिनींची ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी अजून जिभेवर आहे. जळबाकाका चार दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, त्यांनाही नमस्कार सांग.

तुझा
हरीश


खैरमाळ
२ ऑगस्ट २०२५

हरीश,

जयभीम. तुझं पत्र भेटलं. तुझा आनंद वाचून बरं वाटलं. पण मला एक गोष्ट इचारायची हाय आणि तू मला सरळ सांग.

परवा दुपारी एक पांढरी गाडी माळावर आली. दोन माणसं उतरली. शहरातली होती, बुटांवरून कळतं. त्यांनी ते उडतं यंत्र सोडलं, त्याला ड्रोन म्हणतात. ते फक्त त्या चार एकर गवतावर फिरवलं. आमचं सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलंय, हिरवंगार दिसून राहिलं, पण तिकडं यंत्र नेलंच न्हाई. मंग गवताच्या चारी अंगाला धोंड्यांवर लाल रंगाच्या खुणा केल्या. एक खूण माझ्या तुरीच्या बांधावर हाय.

पद्मा तिथं निंदत होती. तिनं इचारलं, काय करू राहिले? त्यांनी उलटं तिलाच इचारलं, "मावशी, तणमोर कुठं दिसला हो इथे?"

हरीश, ह्या गावात त्याला तणमोर कोणी म्हणत न्हाई. त्यांला कसं ठावं?

जळबाकाका तवापासून रोज सकाळी काठी टेकत माळावर जाऊन बसतात. मी समद्यांना सांगितलं, माझ्या पाहुण्याचा ह्यात काही संबंध न्हाई. तू कोणाला सांगितलंस काय?

भीमराज


नाशिक
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय भीमराज,

अरे, एवढा घाबरू नकोस. सगळं नीट सांगतो.

मी गावगप्पा केलेल्या नाहीत. फक्त आमच्या मंडळाला नोंद दिली. तसा नियमच आहे. पक्षी दिसला की छापील फॉर्म भरायचा, तारीख, वेळ, जागा, त्या जागेचं वर्णन. त्याशिवाय दुर्मीळ पक्षी यादीत धरत नाहीत. वीस सप्टेंबरला समिती बसणार आहे, त्यात माझी नोंद ठेवणार आहेत. ती मान्य झाली तर आमच्या मंडळाच्या दप्तरात त्या भागातला हा पहिलाच तणमोर. अध्यक्षांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं.

त्यानंतर पुण्यातल्या एका सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचा फोन आला. हिंगोली जिल्ह्यातल्या माळरानांचा अहवाल करतायत म्हणाले. कोणासाठी ते मी विचारलं नाही. फार अदबीने बोलत होते. मी आनंदाने फॉर्मची प्रत दिली. ती पांढरी गाडी त्यांचीच असावी. उलट हे चांगलंच आहे रे, अशा अहवालातूनच जागा वाचतात.

आणि काळजी अशी कुठे आहे? फॉर्मवर तुझं नाव नाही, वहिनींचं नाही. फक्त गट नंबर आणि नकाशावरची जागा. तुमच्या पेऱ्याबद्दल तर अक्षरही नाही. तू सांगितलंस तसंच केलंय.

पक्षी अजून नाचतोय ना? तेवढं कळव.

तुझा
हरीश


खैरमाळ
२१ ऑगस्ट २०२५

हरीश,

तू भरलेला फॉर्म मी बघितला. हिंगोलीच्या वकिलानं आणून दाखिवला. तो सौर कंपनीच्या अर्जाला जोडलेला हाय, तुझ्या त्या पुण्याच्या संस्थेनंच दिला.

आमाला नोटीस आली. गायरान मोकळं हाय, ते प्रकल्पाला द्यावं असा कंपनीचा अर्ज हाय. आमची काही हरकत असली तर पंधरा सप्टेंबरला तहसीलला हजर राहून सांगायची. आणि मोकळं असल्याचा पुरावा म्हणून तुझा कागद.

मी तो पाठ केलाय. जमीन, गायरान. सध्याचा वापर, पडीक. शेती, नाही. वस्ती, नाही. गुरं, नाही. तारीख १४ जुलै. खाली तुझी सही. परभणीला आपल्या हापिसात हजेरीच्या मस्टरवर करायचास तीच.

चौदा जुलैला तू आमच्या सोयाबीनमधून चालत गेलास, हरीश. चपलेला चिखलाचे गोळे लागले तर पद्मानं बादलीभर पाणी दिलं पाय धुवायला. आणि गुरं न्हाई लिवलंस. मंग ते गवत चाळीस वर्षं आमी कोणासाठी ठिवलं?

वकील म्हणतो, आमच्या अकरा घरांच्या तोंडी सांगण्याला वजन न्हाई, आमचा स्वार्थ दिसतो. पण हा माणूस शिकेल हाय, भायेरचा हाय, त्याचं ह्या जमिनीत काही घेणंदेणं न्हाई, आणि ऐन पेऱ्याच्या दिवसात तो लिवतो की शेती न्हाई. साहेब त्याचंच धरणार.

घरी येऊन जेवलो न्हाई. अजून वाडीत कोणाला सांगितलं न्हाई की हा कागद तुझा हाय. फक्त पद्माला ठावं हाय.

तू एक कर. तहसीलदाराच्या नावानं एक कागद लिव. मी गेलो होतो, पेरा उभा होता, मी डोळ्यानं बघितला, फॉर्ममधी चुकीचं लिवल्या गेलं. एवढंच. पंधरा तारखेच्या आत धाड. दुसरं काही मागत न्हाई.

पाखरू आठ दिवसापासून दिसलं न्हाई.

भीमराज


नाशिक
१ सप्टेंबर २०२५

प्रिय भीमराज,

तुझं पत्र वाचून सुन्न झालो. देवाशपथ सांगतो, असं होईल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

पण माझी बाजूही ऐक. पेऱ्याचं नाव काढू नको हे तूच सांगितलंस. फॉर्मवर शेतीपुढे दोनच चौकोन असतात, आहे किंवा नाही. मोकळा ठेवला तर फॉर्म परत येतो. "आहे" लिहिलं असतं तर तुझा शब्द मोडला असता. मग मी काय करायला हवं होतं?

आता अडचण समजून घे. समिती वीस तारखेला बसते. फोटो हललेला आहे, सगळी भिस्त माझ्या शब्दावर आहे. त्याच्या आधी मी लेखी दिलं की जागेचं वर्णन खोटं लिहिलं, तर म्हणतील पक्षीही खोटा. मंडळात माणसं टपूनच बसलेली असतात. चार वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जाईल. वीस तारखेनंतर तू म्हणशील ते लिहून देतो. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. वकिलाला पुढची तारीख मागायला सांग, तारखा नेहमी मिळतात.

तोपर्यंत सोबत एक पत्र जोडतो आहे. "सदर जागेच्या आसपास काही प्रमाणात शेती असू शकते" असं त्यात म्हटलं आहे. त्याने काम भागावं.

उद्यापासून मंडळाबरोबर कच्छला जातोय, आधीच ठरलेलं होतं. पंधराला परत येईन. रागावू नकोस.

तुझा
हरीश


खैरमाळ
८ सप्टेंबर २०२५

हरीश,

"असू शकते" म्हणजे काय रे? तू माझ्या तुरीच्या बांधावर बसून पद्माची भाकरी खाल्लीस. ती असू शकते का होती?

वकिलानं तुझं पत्र वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. म्हणला, हे लावलं तर आपलंच नुकसान. पुढची तारीख भेटत न्हाई. मी इचारून बसलो.

मी तुला लपवायला सांगितलं होतं, पुसून टाकायला न्हाई. घरात पाहुणा आला तर आपण म्हणतो, आमच्या घरचं भायेर बोलू नको. मंग तो भायेर जाऊन सांगतो का की इथं घरच न्हाई?

तुला पाच दिवस जड झाले. आमी चाळीस वर्षं दिली त्या मातीला. माझा बाप त्याच माळावर उन्हात पडून गेला. तुला मी पाखरू दाखिवलं ते समद्यांचा नकार मोडून. जळबाकाकानं हात जोडून सांगितलं होतं, तरी दाखिवलं. काहून तर वहिनी गेल्यापासून तुझं मन लागत न्हाई म्हणून. माझीच अक्कल कुठं शेण खायला गेली होती.

माळाच्या टोकाला कालपासून एक जेसीबी आणून उभा केलाय. चालवणारा तिथंच चूल मांडून राहिलाय. तो म्हणतो, मला नुसतं थांबायला सांगितलंय. सोयाबीनला शेंगा भरल्या, पंधरा-वीस दिवसात काढणी. तो रोज आमच्या पिकाकडं बघत जेवतो.

हे स्पीड पोस्टानं धाडतोय. तू घरी नसशील हे ठावं हाय, पद्मानं तुझा फोन लावला तर तो बी बंद लागतो. तरी लिवतोय. कोणी तुझं टपाल उघडत आसंल, तुला फोन लावत आसंल, तर पंधराच्या आधी ये. तू स्वतः ये. उभा राहून सांग.

भीमराज


नाशिक
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय भीमराज,

काल रात्री कच्छहून आलो. दाराच्या फटीतून तुझं पाकीट आत पडलेलं होतं. माझ्या घरात टपाल उघडायला आता कोण आहे?

सकाळी कोर्टापाशी जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणलं. सोबत आहे. त्यात सगळं लिहिलं आहे. भीमराज हा माझा छत्तीस वर्षांपासूनचा मित्र, त्याच्या घरी मी चार दिवस मुक्कामाला होतो. चौदा जुलैला त्या गायरानात अकरा कुटुंबांचं सोयाबीन आणि तूर उभी होती, त्यातून मी चालत गेलो. गवताचा तुकडा ह्याच लोकांनी गुरांसाठी राखलेला आहे, आणि तो राखला म्हणूनच तिथे तणमोर येतो. फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलं.

आणि का लिहिलं तेही तुला सांगतो, मागच्या पत्रात लपवलं होतं. तुझा शब्द हे निमित्त होतं. शेताच्या मधल्या तुकड्यातला पक्षी म्हटलं की समिती नाक मुरडते. निर्मनुष्य माळरान लिहिलं की नोंद भारी दिसते. चौकोनावर खूण करताना मला तुमचं सोयाबीन आठवत होतं, भीमराज. आठवत असून मी "नाही" केलं.

नोंद मागे घेतली आहे. अध्यक्षांना पत्र दिलं, मंडळाचा राजीनामाही दिला. ते जाऊ दे.

इथले वकील म्हणाले, सुनावणीनंतरही आठ दिवस लेखी म्हणणं घेतात. म्हणजे हा कागद वेळेत पोचेल. अठ्ठावीस तारखेचं तिकीटही काढलं आहे. साहेबांपुढे उभा राहतो, वाडीपुढे उभा राहतो, जळबाकाकांचे पाय धरतो. तुझं उत्तर आलं की निघालो.

तुझा
हरीश


२० सप्टेंबर २०२५

कागद काल भेटला. वेळेत भेटला. तीनदा वाचला. जे पाहिजे होतं ते समदं त्यात हाय, एक शब्द कमी न्हाई.

आता पंधरा तारखेला काय झालं ते सांगतो.

आमी अकरा घरची माणसं सकाळी सेनगावला गेलो. तुझी वाट बारा वाजेपर्यंत बघितली. जिन्यात वकिलानं मला बाजूला घेतलं. म्हणला, आता एकच वाट हाय. हा फॉर्म लिवणारा कोण, हे कोणाला ठावं न्हाई असं दिसलं पाहिजे. आपण म्हणू की कोणीतरी जीपमधून जाता जाता पाखरू बघितलं आणि न उतरताच लिवून टाकलं, त्याला काय माहीत पेऱ्याचं. पण तो तुमचाच पाहुणा निघाला, तुमच्या घरात राहून गेला असं कळलं तर संपलं. साहेब म्हणतील, ह्यांच्याच माणसानं कबूल केलंय.

आत गेलो. साहेबांनी फॉर्म वाचला. जोरात वाचला, माझ्या कानापर्यंत आला. मंग नाव वाचलं, तुझं, आडनावासगट. जळबाकाका माझ्याकडं वळले. त्यांच्या तोंडात शब्द आला होता, मी त्यांचा हात दाबला. साहेबांनी मलाच इचारलं, "हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?"

मी म्हणलो, न्हाई साहेब. मी ह्या माणसाला वळखत न्हाई.

पद्माला बी इचारलं. तिनं खाली बघून मान हलवली. साहेबांनी तसं लिवून घेतलं आणि आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. निकाल अजून दिला न्हाई, पण जागा बघायला माणूस धाडतो म्हणले. वकील म्हणतो आशा हाय.

तवा हा तुझा कागद मी कुठं लावू? पहिल्याच ओळीत तू माझा मित्र आहेस असं लिवलंय. तो लावला की मी खोटी सही करणारा ठरलो, आणि माझ्यासंग समदी अकरा घरं खोटी. आज सकाळी पद्मानं तो चुलीत घातला. मी तिथंच बसलो होतो.

तिकीट रद्द कर. जुलैत तुला गळ्यात दुर्बीण घालून गावात हिंडताना पन्नास माणसांनी बघितलंय. त्यातल्या एकाला बी तू परत दिसलास, आणि त्यानं तहसीलला जाऊन सांगितलं, तर आमचं काही राहत न्हाई. जेसीबीवाला अजून तिथंच हाय. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला इचारतो, पावसाळ्यात कोणाकडं पाहुणा आला होता म्हणून. त्याला कोणीतरी हे इचारायला सांगितलंय. जळबाकाका दिवसभर त्याच्यापाशी जाऊन बसतात. काय बोलतात मला ऐकू येत न्हाई.

पत्र बी धाडू नको. पोस्टमन अक्षर वळखतो. तुझी जुनी पत्रं होती ती पद्मानं ह्याच चुलीत घातली. तू बी माझी ठेवू नको. हे वाचलं की पहिलं हेच जाळ.

तुझ्यावर राग होता तो गेला. तू नोंद मागं घेतलीस हे वाचून मला रडू आलं, पण आता त्याचा उपयोग न्हाई.

पाकिटावर माझा पत्ता घातला न्हाई. खाली नाव बी लिवत न्हाई.